चारमिनारपर्यंत चालवलेला जावई

हैदराबादला गेलेली माणसं चारमिनार बघून येतात. आम्ही पोरगा बघायला गेलो होतो, चारमिनार वाटेत लागला.

आमच्या ईट गावच्या पारावर बसणारे म्हातारे राजधानी म्हटलं की अजून हैदराबादच धरतात. मुंबई त्यांच्या लेखी सरकारनं मागाहून केलेली तात्पुरती सोय आहे. त्यामुळं मी निघालोय म्हटल्यावर त्यातल्या एकानं निजामाला सलाम सांगायला सांगितलं. मी सांगतो म्हणालो. आपण कुणाचं मन मोडत नाही.

भूम, युसूफभाईचं दुकान

युसूफभाई भूमला विहिरीवरच्या मोटारी भरतो. जळालेली मोटार त्याच्याकडं टाका, तो तिच्या पोटातली तार काढून नवी तार घालतो. मी आठवडी बाजारात बैलांचा दलाल. आमची दोस्ती शाळेपासूनची, म्हणजे शाळा सोडून पळालो तेव्हापासूनची. माझ्या तोंडाला थोडी मोकळीक आहे, असं लोक म्हणतात. मी विकलेल्या एका बैलानं वाशीला जाऊन सरपंचकीची निवडणूक लढवली, असं मी सांगत फिरतो म्हणे. साफ खोटं आहे. लढवली नव्हती, फक्त पाठिंबा दिला होता.

तर युसूफभाईच्या धाकट्या लेकीला, शबानाला, हैदराबादचं स्थळ आलं. पोरगा इरफान. दवाखान्यात एक्स-रे काढतो. आई मूळची नळदुर्गची, म्हणजे आपल्याच मातीतली. निरोप असा की एखाद्या दिवशी या, दिवसभर पोरगा गाडीतून शहर दाखवेल, रात्री जेवण आणि मग बोलणी.

"गाडी नको," मी म्हणालो. "चालत बघायचं शहर."

"का? तुझ्या बापानं गाडी बघितली न्हवती म्हणून?"

"युसूफभाई, खुंट्याला बांधलेलं जनावर कुणाला बी गरीबच दिसतं. बाजारात मी काय करतो? दावं सोडून चालवतो. उन्हात चालवतो, तहानलेलं चालवतो, बाजूनं ट्रक जाऊ देतो. मग कळतं लाथ मारतंय का बसतंय."

"जावई हाय त्यो माझा. खोंड न्हाय."

"खोंडाचा सौदा फसला तर पुढच्या बाजारी दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येतो."

युसूफभाईनं हातातली तार गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "चालत तर चालत."

बेत शबानानं आखला. ती समोरच्याच औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. गिऱ्हाईक नसलं की येऊन बापाला दोन शब्द सुनावून जाते. तिनं फोनवर नकाशा उघडला. युसूफभाईला शुक्रवारी जायचं होतं, मक्का मशिदीत जुम्म्याची नमाज पढायला. "शुक्रवारी म्युझियम बी बंद, महाल बी बंद," शबाना म्हणाली. "रविवारी जावा, त्याला बी सुट्टी असती." मग युसूफभाईनं गोवळकोंडा घाला म्हणून हट्ट धरला.

"अब्बा, गोवळकोंड्याला चालत गेलासा तर तुमी थेट माझ्या लग्नाच्या वलीम्यालाच जेवायला पोचाल."

मी म्हणालो, किल्ला काय आहे, आपल्या परंड्याच्या किल्ल्याचं थोरलं भावंड, ते कशाला बघायचं. शेवटी ठरलं ते असं: मोझमजाही मार्केटपासून सुरुवात, अफझलगंजातून मुसी नदीचा पूल, पलीकडं म्युझियम, मग सरळ चारकमान, चारमिनार, मक्का मशीद आणि शेवटी निजामाचा चौमहल्ला महाल. नकाशात ते अंतर एका बोटाएवढं होतं. माझं बोट जाडं आहे हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही.

युसूफभाई एका गिऱ्हाइकाची मोटार रिक्षात चढवायला बाहेर गेला, तेवढ्यात शबाना हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, एक काम करा. अब्बांना सांगू नका. मोठ्या माणसाच्या तोंडावर त्यो 'न्हाय' म्हणू शकतो का, तेवढं बघून या."

"असं कसं गं? पोरी तर जावई अदबीचा मागतात."

"माझ्या थोरल्या आपाचा नवरा अदबीचाच हाय. आईला हो, बापाला हो, मोठ्या भावाला हो. आपाच्या बाजूनं आजवर एक शब्द बोलला न्हाय. ती दर ईदला इथं येऊन रडून जाती. मला तसला नको." वर म्हणाली, "आणि अण्णा, मसाला लावू नका. तुमी जे सांगाल त्याच्यावर मी हो का न्हाय ते ठरवणार हाय."

माझ्या आयुष्यात माझ्या शब्दावर कुणी इतका मोठा भार टाकला नव्हता. बैल घेणारेसुद्धा मी सांगितल्यावर दुसऱ्याला विचारून घेतात.

मोझमजाही मार्केट

रात्रीच्या बसचं वर्णन करत नाही. सीट माझी होती, झोप शेजाऱ्याची होती, एवढं पुरे.

सकाळी दगडी मार्केटच्या घड्याळाखाली आम्ही उभे. युसूफभाईनं सोयरिकीसाठी नवे बूट घेतले होते, आणि बुटांनी त्याला अजून आपलं मानलं नव्हतं. माझ्या हातात भूमच्या खव्याचे पेढे. त्यांच्या वासानं वाटेत दोन थांब्यांवर लोक जागे झाले असं ड्रायव्हर म्हणाला. म्हणजे म्हणाला असता, त्याला मी विचारलं असतं तर.

इरफान आला. उंच, काडीसारखा, पांढरा शर्ट. युसूफभाईला वाकून सलाम, मला नमस्कार. बोलणं आईकडून आलेलं, अर्धं मराठी अर्धं दखनी. इराणी हॉटेलात आम्हाला बसवलं, स्वतः उभा राहिला, चहा आणि बिस्किटं आणली. हैदराबादी चहा आमच्यासारखा उकळून ठार मारत नाहीत. दूध वेगळं आटवतात, चहा वेगळा ठेवतात, आणि दोघांची गाठ थेट कपात घालून देतात. आमच्याकडच्या लग्नासारखंच म्हणायचं.

मी वेळ घालवला नाही. "पोरा, ह्या मार्केटचा दगड कुठला, ठाव हाय का? ईटचा. माझ्या आज्यानं गाडीनं आणून टाकला."

गाडीनं म्हणजे बैलगाडीनं, असं मी म्हणालो होतो. साडेतीनशे किलोमीटरच्या वर. आमच्या आज्याला बार्शी लांब वाटायची.

इरफाननं मार्केटकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "हौ अण्णा," म्हणाला. "असेल."

युसूफभाईनं माझ्या मांडीला चिमटा काढला. त्याला वाटलं, काय पोरगं आहे. मला वाटलं, सुरुवात आहे, बघू.

पूल आणि पलीकडचं म्युझियम

अफझलगंजातून चालताना रिक्षा, हातगाड्या, बुरखे, टोप्या, पपईचे ढीग, सगळं एकमेकांच्या अंगावरून जात होतं आणि कुणाचं कुणाला लागत नव्हतं. भूमच्या बाजारात दोन माणसं समोरासमोर आली की आधी नातं काढतात आणि मग वाट देतात. इथं वेळ नसतो.

मुसीच्या पुलावर मी थांबलो. आमच्याकडं नदी म्हणजे आठ महिने वापरायचा रस्ता. हिला पाणी होतं, पण नाक मिटून कबूल करावं असं. मी म्हणालो, "ही नदी आमच्या बालाघाटच्या डोंगरातनं निघती. उगमाला पाणी इतकं गोड हाय की चहाला साखर लागत न्हाय."

"हौ अण्णा."

"पूल बी आमच्या गवंड्यांनी बांधला. पगार न घेता."

"हौ."

म्युझियममध्ये एक मोठं घड्याळ आहे. तासाच्या ठोक्याला त्यातला छोटा माणूस दार उघडून बाहेर येतो, घंटा वाजवतो आणि आत जातो. त्या एवढ्याशासाठी दीडदोनशे माणसं बाकांवर बसून वाट बघतात. आमच्या तालुक्याच्या कचेरीत याच्या उलट असतं. तिथंही माणसं बाकावर बसतात, पण दार उघडत नाही. छोटा माणूस बाहेर आल्यावर मी मोठ्यानं म्हणालो, "परंड्याच्या सुताराचं काम. ह्या पुतळ्याची दोनदा रिटायरमेंट झाली, पण बदली मिळेना म्हणून ठेवलाय."

पुढं उभा असलेला पहारेकरी मागं वळून म्हणाला, "गलत बात. विलायतेहून आलंय."

इरफान मात्र गप्प. मी विचारलं, "काय रे, खरं का न्हाय?"

"तुमी बोलताय तर हौ, अण्णा."

त्या क्षणी त्या पहारेकऱ्याशीच शबानाचं लग्न लावून द्यावं असं मला वाटलं. पण तो आमच्याच वयाचा होता, आणि दात कमी होते.

दुपारचं जेवण

जेवायला बसलो तोवर युसूफभाईच्या टाचा सोलून निघाल्या होत्या. तो सांगत नव्हता, पण चालताना तोंडानं हिशेब केल्यासारखा काहीतरी पुटपुटत होता. इरफाननं ओळखलं. "मामू, माझी चप्पल घाला," म्हणाला, आणि युसूफभाईचे ते बूट स्वतःच्या पायांत कोंबले. ते त्याला दोन बोटं तोकडे. पुढचा सगळा रस्ता ते पोरगं मोर चालतो तसं चाललं, पण हूं की चूं नाही.

युसूफभाईचे डोळे भरून आले. हात धुवायला गेल्यावर मला म्हणाला, "सोपान, बघितलंस का? असला जावई दिवा घेऊन शोधला तरी गावायचा न्हाय."

"बघितलं," मी म्हणालो. मी बघितलं होतं ते वेगळंच. बूट चावतोय हे ज्याला सांगता येत नाही, तो उद्या शबानासाठी काय बोलणार?

बिर्याणी आली. आता तिचं वर्णन काय करू. भाताचा प्रत्येक दाणा वेगळा, जणू वाटण्या झालेले भाऊ, आणि मटण असं की हाडानं स्वतःहून हात वर करून मला सोडा म्हणावं. मी दोन पोटांनी जेवलो. आणि मग, मनावर दगड ठेवून, आयुष्यातलं सगळ्यात मोठं पाप केलं. ताट पुसून म्हणालो, "ठीक हाय. पण ईटच्या जत्रंतल्या मटणाची सर न्हाय. तुमच्या हैदराबादी माणसाला भातात मटण पुरायचं कळतं, शिजवायचं कळत न्हाय."

शेजारच्या टेबलावरच्या तीन माणसांनी जेवण थांबवून माझ्याकडं बघितलं. वाढणारा पोऱ्या जागीच उभा राहिला. इरफानच्या गालाचा स्नायू हलला. आता म्हणेल, मी मनात म्हणालो. म्हण बाबा, एकदा म्हण.

"हौ अण्णा," तो म्हणाला. "गावची बात अलग असते."

माझी आशा तिथंच आटोपली. जो हैदराबादी बिर्याणीसाठी तोंड उघडत नाही, तो कशासाठी उघडणार?

चारमिनार आणि मशीद

चारकमानीतून चारमिनार पहिल्यांदा दिसतो तेव्हा माझ्यासारख्या माणसाचीही अडचण होते, कारण फुगवून सांगायला जागा उरत नाही. तो आधीच पुरेसा मोठा आहे. त्याच्या पायाशी मोत्यांपासून मोज्यांपर्यंत सगळं विकत होते. वरती जाणारा जिना इतका अरुंद की माझं पोट आधी वळायचं, मी नंतर. इरफान म्हणाला की तो शाळेत असताना एकदा चढला होता, त्यानंतर आजच. मी त्याला दोष दिला नाही. परंड्याचा किल्ला मीही बैल हरवला तेव्हाच बघितला.

वर वाऱ्यात उभं राहून मी शेवटचा दारूगोळा काढला. "खरं तर हे पंचमिनार. पाचवा मिनार आमच्याकडं हाय. एका वर्षी दुष्काळात निजामाला आमची बाजरी पाहिजे होती, त्या बदल्यात त्यानं एक काढून दिला. आता आमी त्याच्यावर पाण्याची टाकी बांधलीय."

शेजारी फोटो काढणारी कॉलेजची पोरं फुटून हसली. एक म्हणाला, "चाचा, टाकी गळत तर नाही ना?" युसूफभाई लाजून दुसऱ्या खिडकीकडं गेला. इरफाननं चारी मिनारांकडं एकेक करून बघितलं, जणू पाचव्याची जागा कुठली असावी याचा विचार करतोय.

"बुजुर्ग लोकांना माहीत असतं, अण्णा."

मी खाली उतरलो तो हरून उतरलो. मक्का मशिदीत ते दोघं नमाजाला गेले. मी अंगणात कबुतरांजवळ बसलो. मशीद एवढी थोरली की माझ्या मनात आलेलं एकही खोटं तिथं उभं राहीना. शबानाला फोन लावायला काढला आणि परत खिशात घातला. काय सांगू? पोरगं सोन्यासारखं आहे, पण तू नको म्हण? मधे बापाचा चेहरा येत होता.

नमाज झाल्यावर युसूफभाई आला. त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला होता. "ठरलं, सोपान. रात्री जबान देऊन टाकतो. दुसरी बात नको."

चौमहल्ला

महालाच्या दरबारात इतकी झुंबरं टांगलीत की वर बघत चालणारी सगळी माणसं एकमेकांवर आपटत होती. इरफान आमच्या पुढं मोराच्या चालीनं वाट काढत होता. मी गप्प होतो. माझ्या गप्प बसण्याची युसूफभाईला सवय नाही, त्यानं दोनदा माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

बाहेर हौदाच्या काठावर आम्ही टेकलो. युसूफभाईनं विषय काढला. "बेटा, आमची शबाना..." आणि त्याला पुढं बोलता येईना. बापच तो. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि इथं माझा धंदा आडवा आला. बाजारात मालक अडखळला की पुढचं वर्णन दलालानं करायचं असतं. मी विचार न करताच सुरू झालो.

"शबाना म्हणजे गाय हो. घरात हाय का न्हाय ते सुद्धा कळत न्हाय. आवाज कधी कुणी ऐकला न्हाय. बापानं ऊठ म्हणलं की उठती, बस म्हणलं की बसती. पंचवीस माणसांची भाकरी एका बैठकीला थापती, आणि वर विचारती, आणखी कुणी यायचंय का?"

"नै अण्णा."

मी बोलतच होतो. "सासूच्या शब्दाबाहेर तर..."

"अण्णा, हे खोटं हाय," इरफान म्हणाला. आवाज चढवला नाही, पण उभा राहिला. "चारमिनारचं तुमी काय बी सांगा, माझं काय जात न्हाय. नदी घेऊन जावा. पण हे खोटं हाय. ती लई बोलती. ऐकून पण घेत न्हाय. भाकरी तिला थापता येत न्हाय, फुटती. बाप बस म्हणला तर ती उभी राहून का म्हणून विचारती."

युसूफभाई माझ्याकडनं त्याच्याकडं वळला. "तुला कसं ठाव?"

"फोनवर बोलतो आमी."

"कधीपासनं?"

"आमचा निरोप तुमच्याकडं गेला तवापासनं." पोरगा घाबरला होता. पण मागं सरला नाही. "मामू, गरीब गाय म्हणून तिला आमच्या घरात आणाल, आणि ती बोलली की घरचे म्हणतील, हे काय, आमाला तर दुसरंच सांगितलं होतं. मग तिनं कुठं जायचं? मी अम्मीला सांगून ठेवलंय, ती बोलणारी हाय आणि बोलणारच. तुमी रात्री तसंच सांगा. अण्णांनी सांगितलं तसं सांगणार असाल तर मी तिथंच नै म्हणीन. सगळ्यांच्या म्होरं."

महाल बघायला आलेलं एक कुटुंब आमच्याजवळ फोटो काढणार होतं, ते पलीकडं गेलं.

युसूफभाई उठला. लाल झाला होता. "आमच्या पाठीमागं फोन? बापाला न विचारता? ह्याला अदब म्हणतात?"

"न्हाय म्हणत, मामू. पण चूक बी न्हाय."

"चूक न्हाय?"

"लगीन तिचं हाय. तिला विचारायचं नै तर कुणाला विचारायचं, अण्णांना?"

हे जरा लागलं, पण मी तक्रार करायच्या स्थितीत नव्हतो. मी हळूच सरकलो, झाडाखाली जाऊन भूमला फोन लावला. शबानानं पहिल्याच रिंगला उचलला. मागं कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

"अण्णा, बोला. खरं बोला."

"न्हाय म्हणला."

तिनं विचारलं, "कशाला?"

"मी तुझी तारीफ केली. गरीब हाय, बोलत न्हाय, भाकरी झकास. खोटं हाय म्हणला. माझ्या तोंडावर."

खोकलेवाल्याला तिनं दोन मिनिटं थांबायला सांगितलं. "आणि अब्बा?"

मी वळून बघितलं. युसूफभाई हात नाचवत बोलत होता. महालाचा एक चौकीदार त्यांना शिट्टी वाजवत होता आणि दोघंही त्याच्याकडं बघत नव्हते.

"अब्बा त्याच्याशी भांडतायत. तुमी फोनवर बोलता त्याच्यावरनं."

"आणि त्यो? त्यो काय करतोय?"

"त्यो बी भांडतोय."

"गप्प बसला का मधी?"

"न्हाय. आत्ता म्हणला, मामू माझं पुरं होऊ द्या."

पलीकडून तिनं हात काउंटरवर आपटल्याचा आवाज आला, आणि शबाना त्या खोकलेवाल्याला म्हणाली, "हां काका, बोला, सुका का ओला?"

फोन तिनं ठेवला नव्हता. तिच्या आवाजात हसू होतं, आणि ते खोकल्याचं नव्हतं.